पाऊस आला की एसडब्ल्यूआर वर चढतो? अँटेनाला कात्री लावण्याआधी हे तपासा

हॅम मंडळींकडून, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांकडून, माझ्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार एकच: "काल रात्रीपर्यंत सगळं ठीक होतं, आज सकाळी एसडब्ल्यूआर तीनच्या वर आणि रिग पॉवर सोडत नाही." (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येतेय ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम; रिग म्हणजे रेडिओ संच.) त्यापाठोपाठ दुसरं वाक्यही ठरलेलं: "अँटेना थोडी कापू का?"

नको. तार रात्रीतून लांब होत नाही. महिनोन् महिने नीट चाललेली अँटेना एकाएकी बिघडली, तर दोष लांबीत नसतो, जोडात असतो. आणि बहुतेक वेळा त्या जोडात पाणी असतं. कात्री हे शेवटचं हत्यार. कापलेली तार पुन्हा जोडावी लागते आणि तो जोड पुढच्या बिघाडाची सोय करून ठेवतो.

आधी लक्षणं नीट बघा

"एसडब्ल्यूआर वाढलाय" एवढं पुरेसं नाही. कधी वाढतो आणि कसा वाढतो, यावरूनच निम्मा शोध लागतो.

- पाऊस किंवा दव पडल्यावर वाढतो, दुपारी ऊन तापलं की उतरतो: पाणी आत शिरतंय, पण अजून मुरलेलं नाही. ही अवस्था स्वस्तात सुटते.
- वाऱ्यावर सुई नाचते आणि ऐकतानाही करकर येते: कुठेतरी लूज काँटॅक्ट आहे. केबलच्या मधल्या तारेभोवतीच्या जाळीचा एखादा तुटका धागा, ढिली कडी किंवा डायपोलच्या (मधोमध केबल जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाच्या) मधल्या जोडाशी तुटत आलेली तार.
- बोलायला सुरुवात केली की ठीक, अर्ध्या-एक मिनिटाने हळूहळू चढतो: काहीतरी तापतंय. बलूनचा (केबल आणि अँटेनाचा मेळ घालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) फेराइट गाभा किंवा जास्त रोध झालेला जोड.
- कमी पॉवरवर ठीक, पूर्ण पॉवरवर एकदम उडी: आत ठिणगी पडतेय. कनेक्टरमध्ये, ट्रॅपमध्ये (एकाच अँटेनावर अनेक बँड चालावेत म्हणून तारेत घातलेल्या कॉइलमध्ये) किंवा ट्यूनरच्या (रिग आणि अँटेना जुळवून घेणाऱ्या डबीच्या) कपॅसिटरमध्ये.
- केबल हाताने हलवली किंवा टेबलावर इकडची तिकडे केली की बदलतो: शॅकमधला (रेडिओच्या खोलीतला) जोड, नाहीतर केबलच्या बाहेरच्या अंगावरून वाहणारा कॉमन मोड करंट.
- सगळ्या बँडवर एसडब्ल्यूआर छान, कधी नव्हे इतका छान, पण कुणाला ऐकूच जात नाही: हे सर्वांत फसवं लक्षण. याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण यात चांगले अनुभवी लोकही गंडतात.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा. एसडब्ल्यूआरचा सर्वांत खालचा बिंदू नुसता खाली-वर सरकलाय की मुळात गायबच झालाय? ओल्या तारेचा रेझोनन्स, म्हणजे हाच सर्वांत खालचा बिंदू, थोडा खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतोच. प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या तारेत हे जास्त दिसतं. तो दोष नाही, वाळल्यावर जागेवर येतो. पण बँडभर कुठेच खड्डा सापडत नसेल तर फिडरमध्ये (अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये) किंवा जोडात नक्की गडबड आहे.

तपासणीपुरती पॉवर उतरवा

पाच वॉट किंवा त्याहून कमी ठेवा. रिगमधलं संरक्षण दोन-तीनच्या आसपास पॉवर आपोआप कमी करतं, पण त्याच्या भरवशावर पूर्ण पॉवरने पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका. ट्रान्समिट करण्याआधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐका आणि कॉलसाइन द्या. टेस्टिंग असलं तरी ते प्रसारणच आहे.

घाबरायचं कधी तेही सांगतो. एसडब्ल्यूआर १.५ असेल तर अँटेनाकडून फक्त ४ टक्के पॉवर परत येते. २ ला सुमारे ११ टक्के, ३ ला २५ टक्के. म्हणजे १.२ चा १.५ झाला म्हणून झोप उडवून घेण्याचं कारण नाही. पण नेहमी १.२ असणारी अँटेना पावसात २.५ वर जाऊन परत येते, तेव्हा ती काहीतरी सांगतेय.

फुकटातली तपासणी: सेटिंग आणि मीटर

हसू नका. बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. रिगला दोन अँटेना सॉकेट असतील तर चुकीचं तर निवडलं गेलं नाही ना? बँड बदलला, पण अँटेना स्विच जुन्याच जागी राहिला? ट्यूनर चालू आहे की बायपासवर? ट्यूनरची शेवटची सेटिंग दुसऱ्या बँडची असेल तर चांगल्या अँटेनाचाही एसडब्ल्यूआर भयंकर दिसतो. ट्यूनर पूर्ण बायपास करा आणि मगच मोजा. तो मध्ये असेपर्यंत तुम्हाला अँटेना दिसतच नाही, ट्यूनरने रंगवलेलं चित्र दिसतं.

मीटर बाहेरचा असेल तर तो कोणत्या फ्रिक्वेन्सीसाठी बनलाय ते बघा. एचएफचा (३ ते ३० मेगाहर्ट्झचा) मीटर १४५ मेगाहर्ट्झवर लावला तर आकडा येतो, पण त्याला अर्थ नसतो. जुन्या मीटरमध्ये फॉरवर्डवर सुई शेवटच्या खुणेला आणून मग रिफ्लेक्टेड वाचायचं असतं. ती पायरी गाळली की आकडा खोटा. मोजताना एफएम, एएम किंवा सीडब्ल्यूचा अखंड कॅरियर (आवाजाविना सलग लहर) द्या. एसएसबीवर "हॅलो हॅलो" म्हणत मोजलं तर सुई तुमच्या आवाजाबरोबर उड्या मारणार.

डमी लोड: शोध अर्ध्यावर आणणारी गोष्ट

अँटेनाची केबल काढा आणि तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर शोषून घेणारा रेझिस्टर) लावा. एसडब्ल्यूआर १.१ च्या आसपास यायला हवा. आला, तर रिग आणि मीटर निर्दोष. दोष डमी लोडच्या पलीकडे आहे. नाही आला, तर छतावर जाण्याचं काहीच कारण नाही, दोष तुमच्या टेबलावर आहे.

मग डमी लोड एकेक पाऊल पुढे सरकवा. आधी थेट रिगवर, मग पॅच केबलच्या टोकाला, मग मीटर आणि ट्यूनरच्या पुढे, मग लायटनिंग अरेस्टरच्या (विजेपासून बचाव करणाऱ्या जोडाच्या) पुढे. ज्या पावलाला आकडा बिघडेल, तिथलीच वस्तू चोर. हे इतकं सोपं आहे की लोक करतच नाहीत, सरळ शिडी काढतात.

पॅच केबलवर माझा कायमचा संशय असतो. अर्धा मीटरचा तो तुकडा दिवसातून कितीदा तरी वाकतो, ओढला जातो, खुर्चीच्या चाकाखाली येतो. आत जाळीचे धागे कनेक्टरच्या तोंडाशी एकेक करून तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. डमी लोड लावून केबल दोन्ही टोकांशी हलवा. सुई थोडी जरी थरथरली तरी ती केबल फेका. दुरुस्त करत बसू नका. हँडी (हातातला रेडिओ) वापरणाऱ्यांसाठी हेच ॲडॅप्टरला लागू. एसएमएवरून बीएनसी, बीएनसीवरून पीएल-२५९ (ही सगळी कनेक्टरची नावं) अशी ॲडॅप्टरवर ॲडॅप्टर चढवलेली माळ असेल तर तपासायची पहिली जागा तीच. ते सगळं वजन हँडीच्या इवल्याशा एसएमए सॉकेटवर येतं.

अरेस्टरही विसरू नका. त्यातली गॅस ट्यूब जवळपासच्या विजेने अर्धवट शॉर्ट झालेली असू शकते. तपासणीपुरता तो बाजूला काढून केबल सरळ जोडली की लगेच कळतं. मात्र तो कायमचा काढून ठेवू नका.

कनेक्टर उघडून बघा

पीएल-२५९ मध्ये जाळीचा संपर्क बाहेरच्या फिरत्या कडीवर अवलंबून असतो. कडी अर्धा आटा ढिली झाली की मधली पिन टेकलेली राहते, ऐकू येत राहतं, पण एसडब्ल्यूआर बिघडतो. घट्ट करताना कनेक्टरच्या तोंडाचे दाते समोरच्या सॉकेटच्या खाचांमध्ये बसलेत का ते पाहा. बसले नसतील तर कडी घट्ट वाटते, पण केबल फिरली की पुन्हा सैल होते. हाताने घट्ट करून पकडीने अगदी थोडा पिळा द्या, जास्त नको.

बाहेरचा कनेक्टर उघडाल तेव्हा घाई करू नका. उजेडात धरा. मधल्या पिनभोवतीचं प्लॅस्टिक स्वच्छ, कोरडं असायला हवं. तिथे तपकिरी रेघ किंवा काळा ठिपका दिसला तर ठिणगी पडून गेली आहे. साफ करून उपयोग नाही, कनेक्टर बदला. पिनवर हिरवट बुरा असेल तर पाणी बरेच दिवस मुक्कामाला आहे. आता केबलचं बाहेरचं आवरण कनेक्टरपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे सोलून जाळी बघा. चांगली जाळी नव्या तांब्यासारखी लालसर किंवा कल्हईसारखी चकचकीत असते. पाणी प्यायलेली जाळी काळपट, मळकट दिसते आणि बोटाला काजळी लागते. एवढं एक दृश्य बघितलं की पुढचे निम्मे प्रश्न मिटतात.

पाण्याने एवढं का बिघडतं? केबलमधल्या पॉलिथिलीनचा परावैद्युतांक सुमारे २.३ आहे, पाण्याचा ८० च्या आसपास. केबलचे ५० ओहम ठरतात ते मधली तार, जाळी आणि त्यांच्यामधल्या पदार्थावर. मध्ये थोडंसं पाणी आलं तरी त्या जागी केबल ५० ओहमची राहत नाही. वर जाळीचे धागे गंजून एकमेकांना टेकेनासे होतात आणि पॉवर उष्णतेत जाते.

एक गैरसमज दूर करतो. पीएल-२५९ आणि त्याचं सॉकेट मुळात पाणीरोधक नाहीत. कितीही घट्ट आवळा, पाणी आट्यांमधून आणि मागच्या बाजूने शिरतं. एन कनेक्टरमध्ये आत रबराची रिंग असते, म्हणून बाहेर आणि व्हीएचएफ-यूएचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या वर) मी एन पसंत करतो. टेप मात्र दोघांनाही लागतेच.

खालून दुर्बीण लावा

शिडीआधी दुर्बीण. मोबाइल कॅमेऱ्याचा झूमही चालतो. बघायचं काय? टेपचं सुटून लोंबणारं टोक. सूर्यप्रकाशाने कडक होऊन तुटलेले केबल टाय (पांढरे लवकर जातात, काळे जास्त टिकतात). तारेला टेकणारी फांदी, जी पान फुटल्यावर किंवा पावसाने जड झाल्यावरच टेकते. उंदीर-खारीने कुरतडलेलं आवरण. पक्ष्याचं घरटं. एका बाजूने झोल पडलेला डायपोल. शेजारी नवीन उभा राहिलेला पत्रा किंवा लोखंडी पाइप.

केबल घरात किंवा कनेक्टरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक वळण आहे का तेही बघा. ते नसेल तर पावसाचं पाणी केबलच्या अंगावरून ओघळत सरळ कनेक्टरच्या तोंडात जातं. वळण असलं की पाणी खालच्या टोकाला थेंब होऊन गळून पडतं. याला खर्च काही नाही, फक्त केबल हातभर जास्त लागते.

मल्टिमीटरची साधी चाचणी, आणि तिच्यातली फसगत

आधी सुरक्षितता: आकाशात गडगडाट असेल तर केबलला हात लावायचाच नाही. लांब तारेवर कोरड्या वाऱ्यातही स्थिर विद्युत साठते, म्हणून मोजण्याआधी केबलची मधली तार आणि जाळी एकमेकांना टेकवून मोकळी करून घ्या. रिग जोडलेली असताना मल्टिमीटर लावू नका.

केबल दोन्ही टोकांना सोडवता आली तर मधली तार आणि जाळी यांच्यात मीटरने काहीच दाखवायला नको, पूर्ण ओपन. लाखभर ओहमचा डळमळता आकडा दिसला तर आत ओल आहे. मग दूरचं टोक क्लिपने शॉर्ट करा. आता जवळच्या टोकाला एखाद-दोन ओहम किंवा त्याहून कमी यायला हवं. जास्त येत असेल तर तार किंवा जाळी कुठेतरी तुटलीय.

फसगत अशी: अँटेना जोडलेली ठेवून मोजलं आणि शॉर्ट दिसला, तर लगेच "केबल शॉर्ट" म्हणू नका. साधा डायपोल ओपन दिसतो, पण फोल्डेड डायपोल, जे-पोल आणि बरेच बलून डीसीला शॉर्टच असतात. ते तसेच असायला हवेत. आपली अँटेना चांगली असतानाच मोजून वहीत लिहून ठेवलं तर हा गोंधळ होत नाही. त्याच वहीत प्रत्येक बँडचा खालचा, मधला आणि वरचा बिंदू घेऊन कोरड्या दिवशीचा एसडब्ल्यूआर लिहा. माझ्या मते शॅकमध्ये ॲनालायझरपेक्षाही (सूक्ष्म पॉवरवर अँटेना मोजणाऱ्या यंत्रापेक्षाही) ही वही जास्त कामाची. ॲनालायझर आज काय आहे ते सांगतो, काय असायला हवं होतं ते वहीच सांगते.

"एसडब्ल्यूआर झकास, पण कुणी ऐकत नाही"

आता ते फसवं लक्षण. केबल पाणी प्यायली की तिच्यातला लॉस वाढतो. पॉवर जाताना निम्मी खाल्ली जाते, अँटेनाकडून परत येणारीही वाटेत निम्मी खाल्ली जाते. मीटरपर्यंत थोडीच परत येते, म्हणून मीटर खूश! खराब केबल खराब अँटेनावर पांघरूण घालते. ३ डीबी लॉस असलेल्या, म्हणजे निम्मी पॉवर खाणाऱ्या, केबलच्या टोकाला अँटेना अजिबात नसली, टोक उघडं असलं, तरी खाली एसडब्ल्यूआर फक्त ३ दिसतो. ६ डीबी लॉस असेल तर १.७. म्हणजे अँटेना तुटून पडली आणि सुई म्हणतेय की सगळं आलबेल.

हीच गोष्ट उलटी वापरून केबल तपासता येते. दूरचं टोक मोकळं सोडा आणि जवळच्या टोकाला अँटेना ॲनालायझर लावा (रिग नाही, उघड्या टोकावर रिगने ट्रान्समिट करायचं नसतं). चांगल्या केबलवर एसडब्ल्यूआर खूप मोठा दिसला पाहिजे. साडेआठच्या आसपास असेल तर एका बाजूचा लॉस सुमारे १ डीबी. ४.४ असेल तर २ डीबी. ३ असेल तर ३ डीबी, म्हणजे तुमची निम्मी पॉवर केबल तापवण्यात जातेय. जितका वाईट आकडा, तितकी चांगली केबल. पहिल्यांदा करताना डोकं जरा चक्रावतं.

मात्र आकडा वाचताना केबलचा जात्याच असणारा लॉस ध्यानात घ्या. बारीक आरजी-५८ चे ३० मीटर १४५ मेगाहर्ट्झवर कोरडे ठणठणीत असतानाही निम्म्याहून जास्त पॉवर खातात. तो बिघाड नव्हे, चुकीची निवड आहे. एचएफवर तीच केबल बरीच चालून जाते.

नॅनोव्हीएनए (खिशात मावणारा ॲनालायझर) असेल तर बिघाड किती मीटरवर आहे तेही कळतं. आधी ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन करा. मग केबलचा व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला लहरीचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट ते) भरा: भरीव पॉलिथिलीनला ०.६६, फोमवाल्या केबलला त्याहून जास्त, ०.८५ पर्यंत. हा चुकला तर अंतर तीसेक टक्क्यांनी चुकतं आणि तुम्ही भलतीकडेच भिंत उकरत बसता. स्थिर विद्युत मोकळी केल्याशिवाय नॅनोव्हीएनएला अँटेना जोडू नका. त्याचं इनपुट नाजूक असतं.

पाणी सापडलं, आता काय

केबल वाळवून परत लावू नका. जाळीच्या बारीक धाग्यांमधून पाणी केशाकर्षणाने आत खेचलं जातं, कधी मीटरच्या मीटर. टोकाकडून अर्धा-अर्धा मीटर कापत चला, चकचकीत जाळी लागेपर्यंत. दोन-तीन कापांनंतरही काळीच असेल तर पूर्ण केबल बदला, त्यात जीव रमवू नका.

नवीन पीएल-२५९ ला सोल्डर करताना लहान सोल्डरिंग आयर्न वापरलं तर कनेक्टरची बॉडीच सगळी उष्णता ओढून घेते. सोल्डर वितळायला वेळ लागतो, तोवर आतलं पॉलिथिलीन मऊ होतं, मधली तार बाजूला सरकते आणि जाळीला टेकते. १०० वॉटच्या आसपासचं, जाड टोकाचं आयर्न घ्या, बॉडीचा भाग आधी कानशीने जरा खरवडा, झटपट काम उरका. हे जमत नसेल तर चांगल्या हत्याराने केलेलं क्रिम्पिंग कच्च्या सोल्डरपेक्षा कितीतरी बरं. झाल्यावर मल्टिमीटरने शॉर्ट तपासा, मगच टेप.

टेपचा क्रम असा. सर्वांत आत साध्या पीव्हीसी टेपचा एक थर, म्हणजे पुढे उघडताना कनेक्टर स्वच्छ निघतो. त्यावर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप, ताणून, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवून. त्यावर पुन्हा पीव्हीसी टेप, कारण रबरी टेपला ऊन सोसत नाही. शेवटचा थर खालून वर गुंडाळा, म्हणजे वरचा फेरा खालच्यावर येतो आणि कौलांवरून ओघळावं तसं पाणी बाहेरून निघून जातं. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक फेरा पाणी झेलणारा खिसा होतो. शेवटचं टोक ताणू नका, ताणलेलं टोक परत सुटतं.

सिलिकॉन भरायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. त्यातून सुटणारं ॲसिटिक आम्ल तांब्याला खातं. आणि व्हर्टिकल अँटेनाच्या तळाला किंवा बलूनच्या डबीला खाली छोटं भोक असेल तर ते बुजवू नका. ते पाणी बाहेर जाण्यासाठीच ठेवलेलं असतं. सगळं हवाबंद करायच्या उत्साहात लोक तेही बुजवतात आणि आतल्या दमटपणाचं पाणी डबीतच साचतं.

केबल निर्दोष निघाली तर

केबलच्या वरच्या टोकाला डमी लोड लावला आणि खाली १.१ आला, म्हणजे केबल सुटली. आता बलून. ४:१ बलूनच्या अँटेनाकडच्या बाजूला २०० ओहमचा कार्बन रेझिस्टर लावून ॲनालायझरने बघा, १:१ असेल तर ५० ओहमचा. वायरवाउंड रेझिस्टर नको, ती कॉइलच असते. इथे एसडब्ल्यूआर वाईट आला तर बलून गेला.

केबल हलवल्यावर आकडा बदलत होता, ते आठवतंय ना? फीडपॉइंटजवळ (केबल अँटेनाला मिळते तिथे) योग्य फेराइटच्या मोठ्या रिंगवर केबलचे दहा-बारा वेढे देऊन चोक करा. एचएफवर ३१ क्रमांकाचं मिश्रण चांगलं चालतं. त्यानंतर आकडा स्थिर झाला तर दोष कॉमन मोडचाच होता.

मग अँटेनाचे स्वतःचे जोड. ॲल्युमिनियमच्या नळ्या एकमेकांत सरकवलेल्या असतात तिथे पांढरी भुकटी जमते; पॉलिश पेपरने घासून क्लँप पुन्हा आवळा. ट्रॅपमध्ये पाणी आणि किडे दोन्ही सापडतात.

हे सगळं झालं आणि खड्डा स्पष्ट आहे, फक्त चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर आहे, तेव्हाच लांबीकडे वळा. डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये अंदाजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ; ७.१ साठी सुमारे २०.१ मीटर. खड्डा खालच्या फ्रिक्वेन्सीला असेल तर तार लांब आहे. तरीही कापू नका. टोकं मागे दुमडून तारेलाच गुंडाळा, दोन्ही बाजूंना सारखी, आणि एखादा पाऊस जाऊ द्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डमी लोड थेट रिगवर लावूनही एसडब्ल्यूआर जास्त दिसत असेल आणि दुसऱ्या मीटरनेही तेच सांगितलं, तर रिग उघडू नका, सर्व्हिसला द्या. व्हॉल्व्हवाल्या लिनिअर ॲम्प्लिफायरचं झाकण तर मुळीच काढू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर जीवघेणा चार्ज धरून बसतात.

विजेच्या तारा जवळ असतील तर अँटेना स्वतः उतरवू किंवा चढवू नका. अँटेना कोसळली तरी तिचं कुठलंही टोक तारेपासून किमान ३ मीटर लांब राहिलं पाहिजे. तेवढी जागा नसेल तर आधी वीज कंपनीशी बोला. वीज पडून गेली असेल तर केवळ केबल बदलून भागत नाही, घरचं वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आणि उंची. टॉवरवर किंवा उतरत्या छतावर चढायचं असेल आणि तुमच्याकडे फुल बॉडी हार्नेस, तो वापरण्याचा सराव आणि खाली एक जाणता माणूस यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर चढू नका. ओल्या छतावर तर हे सगळं असूनही नको. टॉवरवर काम करणारा माणूस बोलवाल तेव्हा खालची सगळी तपासणी उरकून ठेवा, नवी केबल कनेक्टर लावून तयार ठेवा आणि तो वर चढण्याआधी रिगची पॉवर केबल काढून स्वतःच्या खिशात घाला. वर कुणी असताना चुकूनही ट्रान्समिट व्हायला नको. जोड झाल्यावर, टेप लावण्याआधी, खालून ॲनालायझरने मोजून घ्या. त्याची सूक्ष्म पॉवर वरच्या माणसाला धोक्याची नसते. आकडा वहीशी जुळला की त्याला टेप लावायला सांगा. उतरून खाली आल्यावर मोजलंत आणि जुळला नाही, तर दुसऱ्या फेरीची मजुरी तुमचीच.